प्रतिकारशक्ती वाट चुकते तेव्हा : ल्युपसची ओळख

अशक्तपणा आला की "प्रतिकारशक्ती कमी झाली" असे म्हणून टॉनिकची बाटली आणण्याची रीत घरोघरी आहे. ल्युपस या विकारात मात्र ही समजूत घातक ठरते, कारण येथे प्रतिकारशक्ती वाट चुकून स्वतःच्याच शरीरावर चालून जाते. आम्ही इतिहासाचे अध्यापक, वैद्यक हा आमचा विषय नव्हे. तथापि ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात व तो बहुधा १५ ते ४५ या वयात उद्भवतो. आपल्या आजी-माजी विद्यार्थिनींचे वय हेच असल्याने हा पाठ येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रक्तातील पांढऱ्या पेशींत कामांची वाटणी असते. बी पेशींपासून रोगजंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात. काही टी पेशी त्यांना साहाय्य करतात, काही रोगग्रस्त पेशी नष्ट करतात, तर नियामक टी पेशी या साऱ्यांना आवर घालतात. नियामक पेशींचे हे कार्य उलगडल्याबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष त्वरित साफ केले जातात. ल्युपसमध्ये ही सफाई नीट होत नाही. पेशींच्या केंद्रकातील डीएनए उघडा पडतो. जणू विषाणूच शिरला आहे असे समजून काही पेशी इंटरफेरॉन हे इशाऱ्याचे रसायन सतत सोडत राहतात. त्यामुळे चेतलेल्या बी पेशींपासून स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात आणि नियामक पेशींचा आवर अपुरा पडतो. प्रतिपिंडांचे गुंते मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून तेथे दाह होतो.

या ज्ञानाचा इतिहास फार जुना नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्ह्ज व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेल्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की अतिरिक्त इंटरफेरॉनमुळे बी पेशींना चेतविणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगटांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या या संस्थेत ल्युपसच्या रुग्णांमधील प्रतिपिंडांवरही संशोधन झाले आहे.

लक्षणे अनेकदा फसवी असतात. न हटणारा थकवा, सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणे, तोंडात व्रण, उन्हात वाढणारा चट्टा आणि गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली ही त्यांपैकी प्रमुख होत. मुलगी आळशी झाली असे म्हणणारे घर आणि बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेणारे घर, दोन्ही घरे मोलाचे महिने गमावतात. मूत्रपिंडाचा दाह प्रारंभी दुखत नाही. तो साध्या लघवी-तपासणीत प्रथिनांवरून कळतो. निदानासाठी एएनए ही रक्ततपासणी करतात, परंतु ती निरोगी माणसांतही कधी सकारात्मक येते. म्हणून केवळ कागद पाहून घाबरू नये. संधिवाततज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वसई-विरारकरांना लोकलने दादर वा प्रभादेवीस उतरून केईएमच्या संधिवात विभागात जाता येते.

हा विकार संसर्गजन्य नाही. तो मुळासकट जातोच असे नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो. मूळची हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आज उपचाराचा पाया आहे. स्टेरॉइड मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. योग्य वेळ साधून, वैद्यकीय देखरेखीखाली अनेक स्त्रिया सुखरूप माता होतात.

२०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे एका २० वर्षांच्या तरुणीच्या टी पेशींत बदल करून त्यांच्याकरवी तिच्या बी पेशी नष्ट करण्यात आल्या आणि तिचा विकार शमला. अशाच तंत्राचा, मात्र रक्ताच्या कर्करोगासाठीचा, भारतीय उपचार आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून २०२३ मध्ये मान्यता पावला. ल्युपससाठी तो येथे रुळेल तेव्हा रुळेल. आज आपल्या हाती आहे ती वेळेवर केलेली तपासणी. घरातील लेक महिनोन्‌महिने थकलेली दिसली, तर तिला दोष देण्याआधी तिची लघवी व रक्त तपासून घ्यावे, एवढीच आमची पालकांना विनंती आहे.