डी.पी. का जळते?

शिवारात खांबांवर एक लोखंडी पेटी असते. तिला आपण डी.पी. म्हणतो. पुस्तकी नाव रोहित्र. मोठ्या तारेतून ११,००० व्होल्टची वीज येते. रोहित्र तिचा दाब कमी करते. मग ती आपल्या मोटरीला चालते.

बैलगाडीत किती पोती भरायची हे ठरलेले असते. डी.पी.चेही तसेच. तिचा आकडा पाटीवर असतो. समजा, पाटीवर १०० केव्हीए आहे. पाच एच.पी.च्या एका मोटरीला सुमारे ५ केव्हीए लागतात. म्हणजे वीस मोटरी झाल्या की गाडी भरली. त्यावर कोणी चोरून आकडा टाकला, की आतले तेल तापते. तारांवरचे वेष्टण करपते. डी.पी. जळते आणि वीसही जणांचे उभे पीक वाळते.

मग काय करावे? वीज आल्याबरोबर सगळ्यांनी एकदम मोटरी सुरू करू नयेत. सुरू होताना मोटर कितीतरी जास्त वीज ओढते. म्हणून पाळी लावावी. प्रत्येकाने कपॅसिटर बसवावा.

फ्यूज सारखा उडतो, म्हणून काही जण जाड तार घालतात. हे फार वाईट. फ्यूज हा राखणदार आहे. राखणदारच बांधून ठेवला, तर घर कोण राखणार?

तेल गळाले किंवा ठिणग्या दिसल्या, तर दूर राहावे. खांबावर चढू नये, जीव जातो. वायरमनला बोलवावे.

मोटरी वाढल्या असतील, तर मोठ्या डी.पी.साठी सर्वांनी मिळून अर्ज करावा. आता आपल्याला लिहिता येते. अंगठा नको, सही करू या.