दिल्लीचा पहिला हिवाळा: कशावर किती खर्च करावा?

लातूर, सोलापूर किंवा रत्नागिरीहून शिकायला दिल्लीत आलेली मुले जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात खोली घेतात. तेव्हा थंडीचा विचार कोणाच्याच डोक्यात नसतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की धावपळ सुरू होते आणि घाईत पैसे नको तिथे जातात. बहुतेक जण आधी महागडे जॅकेट घेतात, मग हीटर, आणि रात्री पातळ चादरीत कुडकुडतात. खरेदीचा क्रम याच्या उलट हवा: आधी अंथरूण-पांघरूण, मग अंगालगतचे कपडे, मग जॅकेट आणि सगळ्यात शेवटी हीटर.

थंडी नेमकी कशी असते?

जानेवारीत दिल्लीचे सरासरी किमान तापमान ७ अंशांच्या आसपास असते. १ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ते १.१ अंशापर्यंत उतरले होते. आपल्याकडे निफाडलाही पारा कधी कधी ५ अंशांखाली जातो, पण तिथे दहा वाजता ऊन पडते. दिल्लीत धुक्यामुळे कित्येकदा दिवसभर सूर्य दिसत नाही आणि दुपारीही गारठा हटत नाही.

त्यातच हवा सारखी बदलते. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) आला की ढग येतात, रात्री थोड्या उबदार होतात, कधी पाऊस पडतो. तो पुढे सरकला की आकाश निवळते, वायव्येकडून वारे सुटतात आणि पारा झपाट्याने खाली येतो. फेब्रुवारीत सकाळी १० अंश आणि दुपारी २५ अंश असा फरक सहज पडतो. म्हणून एकच जाड कपडा घेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे तीन पातळ थर घेणे शहाणपणाचे.

खरेदीची यादी

(हे भाव दिल्लीच्या साध्या बाजारातले, अंदाजाने धरलेले आहेत. दुकान आणि दर्जाप्रमाणे ते कमी-जास्त होतील.)

- एकेरी रजई: १,००० ते १,५०० रुपये
- गादीवर अंथरायला साधे ब्लँकेट: ४०० ते ६००
- थर्मलचे दोन जोड: १,२०० ते १,६००
- स्वेटर किंवा फ्लीस: ५०० ते ८००
- वारा अडवणारे, टोपीचे जॅकेट: १,२०० ते २,०००
- कानटोपी, मफलर, हातमोजे, पायमोज्यांचे चार जोड: ५०० ते ७००
- गरम पाण्याची रबरी पिशवी: २०० ते ३००
- प्रदूषित हवेसाठी एन-९५ मास्क, थोडे: २०० ते ३००

एकूण ५,२०० ते ७,८०० रुपये. यातले बहुतेक सामान पुढच्या तीन-चार हिवाळ्यांना पुरते.

यादीतले खालचे ब्लँकेट वगळू नका. थंड फरशी आणि पातळ गादी यांमुळे बरीच थंडी खालून येते. वर दोन रजया घेऊनही झोप लागत नसेल, तर कारण बहुधा तेच असते. घरची गोधडी आणता आली तर हा खर्चही वाचतो.

थर्मलचे दोन जोड चैन म्हणून सांगितलेले नाहीत. धुक्याच्या दिवसांत धुतलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर थर्मल अंगात घालणे म्हणजे सर्दीला आमंत्रण. थर्मल अंगाला बेताचे घट्ट हवे. सैल असेल तर ऊब टिकत नाही.

कुठे घ्यावे?

काश्मिरी गेटच्या आयएसबीटी बसस्थानकाजवळची मॉनेस्ट्री मार्केट आणि मजनू का टीला इथे जॅकेट, स्वेटर, मोजे चांगले मिळतात. उत्तर दिल्लीतल्या कॉलेजांना आणि मुखर्जीनगरच्या मुलांना ही ठिकाणे जवळची. दक्षिण दिल्लीत राहणाऱ्यांसाठी सरोजिनी नगर आहे. ते सोमवारी बंद असते. भाव करायला संकोच करू नका. जॅकेटची चेन दोन-तीनदा वर-खाली करून पाहा, शिवण ओढून पाहा. लोकरीचे म्हणून सांगितलेले स्वेटर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचे असते. ते वाईट नाही, पण लोकरीचा भाव देऊ नका. पदपथावरचा माल परत घेतला जात नाही, हे धरूनच चाला.

हीटर: यंत्रापेक्षा वीज महाग

पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत घरमालक सबमीटरवर युनिटला साधारण ८ ते १२ रुपये लावतात. १० रुपये धरून हिशेब असा:

- ८०० वॅटचा क्वार्ट्झ हीटर (किंमत १,००० ते १,५००): रोज दोन तास म्हणजे १.६ युनिट, महिन्याला सुमारे ४८० रुपये.
- २,००० वॅटचा तेलाचा हीटर (७,००० च्या पुढे): रोज चार तास पूर्ण क्षमतेने चालला तर ८ युनिट, महिन्याला २,४०० रुपयांपर्यंत.
- आंघोळीच्या बादलीसाठी रॉड: २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ ते ०.७ युनिट, महिन्याला २०० रुपयांच्या आसपास.

एकट्या विद्यार्थ्याला तेलाचा हीटर परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. रजई आणि गरम पाण्याची पिशवी यांवर बहुतेक रात्री निघतात. हीटर हवाच असेल, तर अभ्यासाच्या वेळी पायांजवळ लावायला छोटा घ्या.

हीटर आणि रॉड या दोन्हींवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने बंधनकारक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. पक्के बिल घ्या. सदोष माल बदलून मिळाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

जिवाशी खेळ नको

१,५०० वॅटचा रॉड ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका. तो साडेसहा अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लागते. रॉड चालू असताना पाण्याला हात लावू नका. बटण बंद करून प्लग काढल्यावरच बादली हलवा. हीटर रजईपासून किमान तीन फूट दूर ठेवा आणि झोपण्यापूर्वी बंद करा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. दिल्लीत जवळपास प्रत्येक हिवाळ्यात असे मृत्यू होतात.

खोली घेताना आणि गावी जाताना

खोली घेताना चार प्रश्न विचारा: ऊन येते का, गिझर आहे का, हीटरला परवानगी आहे का आणि युनिटचा दर किती? वसतिगृहांत हीटरला अनेकदा बंदी असते, तेव्हा विकत घेण्याआधी नियम पाहा.

डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहोचेल असे तिकीट काढू नका. गाडीला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मिळतो. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरावा लागतो.

पालकांना एक विनंती: पहिल्या वर्षी प्रवेश फी भरतानाच थंडीसाठी सात-आठ हजार रुपये बाजूला काढा. सगळे एकदम जमत नसेल, तर रजई, खालचे ब्लँकेट आणि थर्मल नोव्हेंबर संपण्याआधी घ्या, बाकीचे महिन्याभरात येऊ द्या. जॅकेट थांबू शकते, पांघरूण थांबू शकत नाही.