बरणीतली रासायनिक बाग

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात कोळसा जळून जी राख उरते तिच्यात सिलिका भरपूर. पण ती पाण्यात विरघळत नाही. आपल्या बागेला विरघळणारे सोडियम सिलिकेट हवे. त्याचा एक भाग चार भाग पाण्यात ढवळा आणि बरणीत मोरचूद व हिराकस यांचे छोटे खडे सोडा. (द्रावण दाहक, मोरचूद विषारी! शिक्षकांसमोर, हातमोजे व चष्मा घालूनच करा.)

खड्याभोवती धातूच्या सिलिकेटचे पातळ पटल धरते. परासरणाने पाणी आत शिरते, पटल फुगून फाटते, आतले हलके द्रावण वर उसळते. त्यावर लगेच नवे पटल! असे निळे, हिरवट फांटे वाढतात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील स्तेफान लदुक अशाच वाढीतून सजीवांचे कोडे उलगडू पाहत होते. पण खडा संपला की ही वाढ थांबते, आणि हिला बी कधीच धरत नाही.