मोपा, दाबोळी की चिपी?

सावंतवाडी

चि. बाय,


चतुर्थीची तिकिटं बघतेयस हे वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. तू लिहिलंयस की बंगळूरहून दाबोळीचं तिकीट मोपापेक्षा माणशी नऊशे रुपयांनी स्वस्त दिसतंय. तू, जावईबापू आणि वहिनी अशा तिघांचे सत्तावीसशे वाचतात, म्हणून दाबोळीच घ्यावं असं तुझ्या मनात आहे. घेण्याआधी काकाचं थोडं ऐक.

तिकिटावरचं भाडं हे धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचं असतं आणि तुला यायचंय आपल्या पडवीपर्यंत. दाबोळीहून सावंतवाडी ऐंशी किलोमीटरच्या वर आहे. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा खोळंबा कमी झाला, पण पुढे पणजी, म्हापसा, पत्रादेवीचा नाका आणि बांदा हे सगळं पार करायचंच आहे. मोपा पेडणे तालुक्यात, आपल्या हद्दीला लागूनच. तिथून घर तीसेक किलोमीटर. गोव्याची टॅक्सी महाराष्ट्रात येणार म्हटल्यावर परतीचं रिकामं भाडंही लावते, म्हणजे जास्तीचे पन्नास किलोमीटर दोनदा मोजावे लागतात. वाचलेल्या सत्तावीसशेतलं किती उरेल ते टॅक्सीवाल्याला विचारून मग ठरव.

आणि वेळ बघ. तू पाठवलेलं दाबोळीचं विमान रात्री साडेदहाला उतरतं. सामान हातात येऊन गाडी सुटेपर्यंत सव्वाअकरा, घरी पोचायला दीड. वहिनींचे गुडघे, मांडीवर छोटा आणि बाहेर भाद्रपदातला पाऊस. एवढ्या हालांचे नऊशे रुपये मला फार कमी वाटतात. तू एकटी, पाठीवर एक पिशवी घेऊन दिवसाउजेडी येणार असतीस, तर मीच म्हटलं असतं की दाबोळी घे, कदंबाच्या बसने पणजीला ये आणि तिथून एसटी पकड. तेव्हा ते नऊशे खरोखरच तुझे झाले असते. तुझ्या मडगावच्या मैत्रिणीलाही दाबोळीच सोयीचं. प्रवासात सगळ्यांत थकणारं माणूस कोण आहे ते आधी बघ आणि हिशेब त्याच्या बाजूने मांड.

भाड्यात हा फरक पडतो कसा, तेही समजून घे. दाबोळी मूळचा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. सकाळी सरावाची वेळ नौदलाची, त्यामुळे प्रवासी विमानांना उरलेल्या वेळात दाटीने बसावं लागतं. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तिथे असं बंधन नाही. एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडे उतरतात आणि प्रत्येक विमान भरत जाईल तसं त्याचं भाडं चढतं. म्हणून आज दाबोळी स्वस्त दिसलं तरी चार दिवसांनी मोपा स्वस्त असू शकतं. त्यात विमानतळाचा वापर आकार प्रत्येक ठिकाणी वेगळा. तो तिकिटातच येतो, म्हणून भाडं नेहमी शेवटच्या पानावरचं, एकूण रकमेचं बघ. बेळगावचं सांबरा कधी कधी फारच स्वस्त दाखवतं, पण तिथून येताना पावसात रात्रीचा आंबोली घाट मला नको.

आता आपल्या जिल्ह्यातला विमानतळ, चिपी. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईचं पहिलं विमान उतरलं तेव्हा जिल्ह्यात केवढा आनंद होता! ते विमान ‘उडान’ योजनेतलं. त्या योजनेत सरकार तूट भरून देतं ती तीन वर्षं. ती सरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते विमान बंद पडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लाय ९१ ने बंगळूरहून चिपीला छोटं एटीआर सुरू केलं होतं. तुझ्या तारखांना ते मिळत असेल आणि दोन-तीनशेचाच फरक असेल, तर मी चिपी घे म्हणेन. आपल्या माणसांनीच पाठ फिरवली तर तिथे विमान टिकायचं कसं? मालवण-वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्या माणसांना ते विमान फार मोठा आधार आहे. पण जाताना मात्र चिपीचा हट्ट धरू नकोस. पावसाळी ढगांमुळे विमान रद्द झालं, तर त्याच दिवशी दुसरं मिळणं कठीण आणि तुला सोमवारी कामावर हजर व्हायचंय. मोपावरून एक चुकलं तरी दुसरं शोधता येतं.

एक गोष्ट नीट बघ. नुसतं ‘गोवा’ टाकलंस की दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. स्वस्त जोडी शोधताना येणं एकीकडचं आणि जाणं दुसरीकडचं असं तिकीट सहज निघतं. ते जाणूनबुजून काढलंस तर हरकत नाही, पण नकळत निघालं तर ऐन वेळी साठेक किलोमीटर पळापळ. परतीच्या तिकिटावरची तीन अक्षरं वहिनींनाही वाचायला दे, त्यांची नजर बारीक आहे.

जे काय ठरेल ते गुरुवारपर्यंत कळव. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत इथे गाडी मिळत नाही, मला आधी सांगून ठेवावी लागेल. मोपा असेल तर मी स्वतःच न्यायला येतो.

तुझा,
काका