पार्सल ‘पोहोचलं’ म्हणे!

महाराष्ट्रात माळशिरस दोन आहेत. एक आमचं, सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी नातेपुत्याहून निघून इथे मुक्कामाला येते. दुसरं पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात, भुलेश्वराच्या डोंगरापाशी. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. मी मागवलेला संगणक ज्यांनी पाठवला, त्यांना मात्र ठाऊक नव्हतं.

तहसील कचेरीजवळ माझं छोटं सेवा केंद्र आहे. लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, सातबारा, पीकविम्याचा अर्ज. सगळं मी एकटाच करतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की दारात रांग लागते, आणि जुना संगणक नेमका त्याच सुमारास मान टाकायला लागला होता. म्हणून ऑनलाइन नवा मागवला. अकलूजच्या दुकानापेक्षा किंमत कमी होती आणि क्रेडिट कार्डावर बिनव्याजी हप्ते होते. बिलावर पत्ता बरोबर, पिन कोड ४१३१०७ बरोबर.

पार्सलचा माग काढताना ते पुण्याहून इंदापूर-अकलूजकडे यायचं सोडून सासवडला पोहोचलेलं दिसलं. त्याच दिवशी मी ईमेल केला की हे चुकीच्या रस्त्याला लागलं आहे. उत्तर आलं, ‘कृपया वाट पाहा.’ पुढे एका दुपारी मोबाइलवर मेसेज आला, ‘तुमचं पार्सल पोहोचलं आहे.’ दारात काही नाही, कुणाचा फोन नाही, ओटीपी मागितला नाही.

मग सगळ्यांना माहीत असलेला खेळ सुरू झाला. हेल्पलाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणे, “सर, आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय.” विक्रेता म्हणे कुरिअरला विचारा, कुरिअरवाला म्हणे विक्रेत्याला विचारा. ही टोलवाटोलवी चालते, कारण आपण तिघांनाही सारखंच जबाबदार धरतो. कुरिअरवाल्याला आपण नेमलेलं नसतं. पैसे ज्या कंपनीच्या ॲपवर भरले ती कंपनी आणि बिलावर ज्याचं नाव आहे तो विक्रेता, आपला व्यवहार या दोघांशी. माल आपल्या हातात पडेपर्यंत त्याचं काय झालं, याचं उत्तर त्यांनी द्यायचं. एवढं पक्कं झाल्यावर मी कुरिअरच्या गोदामात फोन करणं सोडून दिलं.

फोनवर बोलणंही सोडलं. फोनवर कबूल केलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्याच लक्षात नसतं. त्याऐवजी एकच ईमेल लिहिला: ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, पिन कोडसह पूर्ण पत्ता, आणि पार्सल मला मिळालेलं नाही हे एका वाक्यात. शेवटी मागणी केली की पार्सल पोहोचल्याचा पुरावा पाठवा. कुणाची सही, कुठला फोटो, कोणत्या ठिकाणी दिलं ते कळवा. नमुना म्हणून कुणी विचारलं, तर मी हाच ईमेल दाखवतो. रागाचा एक शब्द त्यात नाही. राग आलेला माणूस चार पानं लिहितो, आणि समोरचा त्यातलं सोयीचं तेवढंच वाचतो.

फोटो आला. एका दुकानाच्या शटरपाशी माझा खोका, आणि वर पाटीवर ठळक अक्षरांत ‘मु. पो. माळशिरस, ता. पुरंदर’. गोदामात लेबल छापताना कुणीतरी गावाचं नाव पाहून पुणे जिल्हा आणि तिकडचा पिन टाकला होता.

खरं म्हणजे पिन कोड निघाला तो अशाच गोंधळासाठी. एकाच नावाची गावं देशभर विखुरलेली, पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले. यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांची ही पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे अधिकारी होते आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृत कवीही होते. पहिले तीन आकडे पत्र कोणत्या भागात वर्गवारीला पाठवायचं ते सांगतात, शेवटचे तीन नेमकं वाटपाचं पोस्ट. आमचा पिन ४१३ ने सुरू होतो, पुरंदरचा ४१२ ने. एका आकड्याचा फरक, पण पार्सल शंभरावर किलोमीटर लांब. म्हणून पत्त्यात गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहाच, आणि माल निघाल्याचा मेसेज आला की त्यातला पिन बिलावरच्या पिनशी ताडून पाहा.

मग कंपनीने विचारलं, “सर, तुम्ही तिथून घेऊन जाऊ शकाल का?” मी लेखी नकार दिला. आपण होऊन आणायला गेलो असतो, तर खोका फुटलेला निघाल्यावर तो कुणी फोडला हा वाद माझ्याच गळ्यात पडला असता.

उशिराबद्दल मी तसा समजूतदार आहे. वारीच्या दिवसांत नातेपुते ते वेळापूर रस्ता वारकऱ्यांचा असतो, सदाशिवनगरला आणि खुडूसला रिंगण असतं. तेव्हा कुरिअरची गाडी दोन दिवस आली नाही, तर कुणी ओरडू नये. पण ‘वाट पाहा’ हे उत्तर नव्हे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर असायलाच हवा. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात निकाल लावायचा. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत करायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. आपत्तीसारखं कारण असेल तेवढाच अपवाद. त्या अधिकाऱ्याला मी याच नियमांचा हवाला देऊन लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा सहीनिशी उत्तर आलं.

त्या उत्तरात एक मेख होती. ‘बिल तुमच्या सेवा केंद्राच्या नावाने आहे, म्हणजे खरेदी व्यापारी हेतूने झाली, तुम्ही ग्राहक नाही.’ हे वाचून पुष्कळ लोक गप्प बसतात. टेलरिंगचं मशीन घेणारी बाई, फोटोग्राफर, झेरॉक्सवाला, सगळ्यांना हे ऐकवलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. स्वयंरोजगाराने, केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे समजावताना टाइपरायटरचंच उदाहरण घेतलं होतं: पोटासाठी दुसऱ्यांचं टायपिंग करून देणारा, पण मशीन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. टाइपरायटरच्या जागी माझा संगणक ठेवा. चार पगारी ऑपरेटर बसवले असते, तर गोष्ट वेगळी होती. मी एकटाच बसतो, हे लिहून कळवलं आणि तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

दरम्यान हप्ता सुरू झाला होता. संगणक पुरंदरला आणि हप्ता माझ्या खात्यातून! अशा वेळी हप्ता थांबवू नका. दंड लागतो आणि बँकेतलं नाव खराब होतं. त्याऐवजी कार्ड देणाऱ्या बँकेला माल न मिळाल्याचं कळवून व्यवहारावर लेखी हरकत नोंदवा. अशा हरकतीला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

याच काळात मला एक फोन आला. ‘तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्तीसाठी पाच रुपये भरा, लिंक पाठवतो.’ खरं कुरिअर असले पाच रुपये मागत नाही. इंटरनेटवर शोधून मिळालेला कस्टमर केअरचा नंबर बरेचदा अशाच लोकांचा असतो. नंबर घ्यायचा तो ॲपमधूनच. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

खोका दारात आला, तर ओटीपी आधी देऊ नका. २०२२ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या एका तरुणाने वडिलांसाठी लॅपटॉप मागवला आणि खोक्यात कपडे धुण्याच्या वड्या निघाल्या. खोका डिलिव्हरीवाल्यासमोर उघडून मगच ओटीपी द्यायचा, हे वडिलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कंपनीने आधी हात झटकले. बोभाटा झाल्यावर पैसे परत केले. तुमच्या ऑर्डरला खोका समोर उघडण्याची सोय नसेल, तर लेबलपासून अनुक्रमांकापर्यंत न थांबता व्हिडिओ काढत खोका उघडा. वजनाची शंका असेल, तर शेजारच्या किराणा दुकानातला काटा आहेच.

माझे पैसे शेवटी परत आले, भरलेल्या हप्त्यासकट. संगणक मी अकलूजच्या दुकानातून घेतला, थोडा महाग. बिघडला तर गाडीवर टाकून नेता येतो, आणि माझ्यासारख्या कामात तो फरक परवडतो.

ज्यांचं प्रकरण अजून लटकलेलं आहे, त्यांनी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे नाही भागलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असली, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरात, तक्रार करता येते; ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या भरता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तुमच्या शेवटच्या ईमेलपासून नव्हे, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजली जाते.