घटक ४ : पाककृतीची भाषा – अपरिचित पदार्थ मराठीत लिहिताना

४.० उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पाककृतीच्या भाषेची वैशिष्ट्ये सांगता येतील आणि परक्या पदार्थासाठी मराठी शब्दांची सकारण निवड करता येईल.

४.१ प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, पाककृती हा सूचनापर गद्याचा प्रकार होय. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) हे त्याचे परिचित टप्पे. मोठ्या जनावराच्या मांसाचा स्वयंपाक मात्र छापील पाकग्रंथांत फारसा आला नाही. त्याची शब्दसंपत्ती बोलीतच राहिली. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित समाजाची खाद्यसंस्कृती ग्रंथबद्ध केली, तेव्हा ‘चान्या’ (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या) यांसारखे शब्दही तिच्यासोबत आले. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून मेक्सिकन धर्तीच्या एका पदार्थाची कृती पाहू.

४.२ नमुना उतारा
म्हशीचे १ किलो बिनहाडाचे मांस घ्यावे. ८ सुक्या ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवाव्यात. त्या २ टोमॅटो, १ कांदा, ८ लसूण पाकळ्या, ४ लवंगा, १ चमचा जिरे व २ चमचे व्हिनेगर यांसह वाटाव्यात. मांसाचे मोठे तुकडे तेलावर परतून स्लो कुकरमध्ये ठेवावेत. वाटण, मीठ व तमालपत्र घालून मंद आचेच्या खुणेवर सुमारे ८ तास शिजवावे. काट्याने सहज धागे सुटू लागले, की मांस पिंजून पुन्हा रसात मुरू द्यावे.

४.३ विवेचन
(अ) नाम : ‘बीफ’ हा शब्द आपल्याकडे गाय, बैल आणि म्हैस या सर्वांच्या मांसासाठी वापरला जातो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस या बंदीत येत नाही. म्हणून येथे ‘म्हशीचे मांस’ असाच नेमका उल्लेख हवा. मोघम शब्दामुळे एखाद्यावर नाहक संशय येऊ शकतो. बोलीतील ‘मोठ्याचे मटण’ हा शब्दप्रयोगही नोंदवण्याजोगा आहे. त्यात जनावराचे नाव टाळले जाते. अर्थात, तो याच कारणाने मोघम राहतो.

(आ) क्रियापद : ‘घ्यावे’, ‘भिजवाव्यात’ ही विध्यर्थी रूपे कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात, कर्ता अध्याहृत राहतो. ‘पिंजणे’ हे क्रियापद मूळ कापसाचे. येथे ते लक्षणेने मांसाला लावले आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या परिसरात ते समजावून सांगावे लागत नाही. ‘मुरणे’ तर लोणच्यामुळे घरोघरी ठाऊक आहे.

(इ) खूण : ‘८ तास’ हे यंत्राचे माप; ‘धागे सुटणे’ ही स्वयंपाकिणीची खूण. दीर्घकाळच्या ओलसर उष्णतेने कठीण मांसातील कोलॅजेन जिलेटिनमध्ये रूपांतरित होते, म्हणून धागे सुटतात. स्लो कुकर नसेल तर जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात हीच खूण उपयोगी पडते. मेक्सिकोतील पारंपरिक बार्बाकोआ घायपाताच्या कुळातील पानांखाली, जमिनीतील खड्ड्यात शिजतो. आपल्याकडे पोपटीचे मडके भामरुडीच्या पाल्याने बंद करतात. वाफ कोंडण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

४.४ सारांश
परक्या पदार्थासाठी लागणारी बहुतेक क्रियापदे मराठीत आहेत. कोशात किंवा पाकग्रंथात एखादा शब्द सापडला नाही, म्हणून तो मराठी नाही असे ठरत नाही. तो ज्या घरात बोलला जातो, तेथवर लेखणी पोहोचलेली नसते.

४.५ स्वाध्याय
१. नमुना उताऱ्यातील विध्यर्थी रूपांची यादी करून प्रत्येकाचे कर्म सांगा.
२. आपण दिघाशीसारख्या गावात राहत असाल किंवा शहरात, भिन्न समाजांतील दोन घरांतून ‘शिजणे’ या क्रियेच्या छटा दाखवणारे पाच शब्द मिळवा. बोलणाऱ्याचा उच्चार जसाच्या तसा लिहा. तो ‘शुद्ध’ करू नका.