पायातील गोळ्यांचे कारण

जयपूर हे शहर ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायासाठी जगप्रसिद्ध आहे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो येथे घडविला. परंतु कृत्रिम पाय कितीही उत्तम असला, तरी स्वतःचा पाय जपणे अधिक श्रेयस्कर होय.

मधुमेही व्यक्तीच्या पोटरीत वारंवार गोळे येत असतील, तर नुसते तेल चोळून थांबू नये, कारण शोधावे. चालताना पोटरी दुखते व थांबल्यावर मोकळी होते, तेव्हा रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. गोळ्यांसोबत तळपायांची आग होत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. साखर फार वाढल्यास लघवी अधिक होऊन शरीरातील पाणी व क्षार घटतात. त्यामुळेही गोळे येतात. जयपूरच्या उन्हाळ्यात घामाने ही घट वाढते. म्हणून डॉक्टरांकडून रक्तातील साखर, क्षार, पायांची नाडी व संवेदना तपासून घ्याव्यात.

बधिर पायाला जखम कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असल्यास ती लवकर भरत नाही. अशी दुर्लक्षित जखम चिघळल्यास पाय गमवावा लागतो. वेळीच केलेली तपासणी हा अनर्थ टाळू शकते.

प्रश्न : पोटरीतील गोळ्यांची तीन कारणे लिहा.